कापड उलटं करून बघणारी काकू

सोजरकाकू गेल्याचा फोन सिरसाळ्याहून आला, तेव्हा मी दारात धुणं वाळत घालत होते. “झोपेतच गेली,” तिचा मुलगा, माझा चुलतभाऊ, म्हणाला. मला ते पटलं नाही. महिन्याभरापूर्वी नातीच्या लग्नात ही बाई पंगतीत आग्रह करत फिरत होती. धडधाकट माणूस असं झोपेत जात नसतं. घरच्यांनी काहीतरी लपवलंय, दवाखान्याला उशीर केलाय, असा संशय मनात धरूनच मी चौसाळ्याहून निघाले. संशय घ्यायला मला काकूनंच शिकवलं होतं.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याची बायको. तिच्या मांडीवर कायम एखादी वाकळ, म्हणजे गोधडी असायची, आणि आमचं घर तिला ती कधी सलग शिवू द्यायचं नाही. एक कड धरली की म्हैस व्यायला टेकायची, दुसरी धरली की जावई न कळवता दारात उभे. कुणाची लेक रुसून माहेरी यायची, कुणाचं पोरगं परीक्षेला म्हणून जाऊन अर्ध्या वाटेतून परत. मग काकू सुई झंपराच्या खांद्याला टोचायची, चहा टाकायची आणि आलेल्याच्या तोंडाकडे बघत बसायची. पाहुणा येण्याचं जे कारण सांगायचा, ते तिला कधीच खरं वाटलं नाही. वाकळेसाठी कुणी जुनं कापड दिलं, तरी ती ते आधी उलटं करायची, दोन्ही हातांनी ताणून बघायची. “वरून समदेच धुवून देतेत,” म्हणायची.

माझी सुपारी फुटली तेव्हाची गोष्ट. नवरीच्या वाकळेत सासरचीही जुनी कापडं पाहिजेत, हा काकूचा दंडक. त्याप्रमाणं सासरहून गाठोडं आलं. सासूची लुगडी, सासऱ्यांचं धोतर, आणि त्यात एक झंपर. काकूनं ते उलटं केलं आणि दोन्ही हातांनी ताणून बघितलं. बारीक अंगाच्या बाईचं झंपर होतं ते, आणि बाळंतिणीसाठी करतात तशी बगलेतली शिवण उसवून सैल केलेली. आम्हाला तर सांगितलं होतं, घरात सासू एकटीच बाईमाणूस, आणि ती चांगली अंगानं भरलेली. पोराची पहिली बायको असणार, असं काकूनं ठरवूनच टाकलं. आई तिच्यावर उखडली. हिला लेक नाही म्हणून माझ्या लेकीच्या लग्नात बिब्बा घालतेय, असं आई माझ्या कानाशी बोलली, आणि मलाही ते खरं वाटलं.

काकू मात्र कापड कमी पडतंय या निमित्तानं एकटीच, न कळवता त्यांच्या घरी जाऊन धडकली. मागच्या खोलीत नवऱ्या मुलाची थोरली बहीण सापडली, कडेवर लेकरू. नवऱ्यानं टाकलेली. झंपर तिचंच. स्थळ मोडू नये म्हणून पाहुणे आले की तिला आत बसवायचे. पहिल्या बायकोचा संशय खोटा निघाला, पण काकूला त्याचं काहीच वाटलं नाही. ती माझ्या सासूला म्हणाली, “पोटची लेक लपवून ठिवता, मग आमची पोर कुटं ठिवताल? आदी हिला म्होरं बसवा, मग लगीन.” माझ्या लग्नात नणंद करवली म्हणून पुढं बसली. आज ती माझ्याच घरात आहे आणि माझं तिच्यावाचून पान हलत नाही.

तर अशा काकूची माणसं मला सांगत होती, तिला काहीच झालं नव्हतं. वहिनीला, म्हणजे तिच्या सुनेला, मी आडून आडून विचारलं. जेवायची का, दुखायचं का, डॉक्टरला कधी दाखवलं... “वन्सं, कायबी न्हवतं वो. पोरीच्या लगनाची वाकळ पुरी करायची म्हनून सुई घिऊन बसलेल्या असायच्या,” ती म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते, तरी मी विश्वास ठेवला नाही.

दहाव्यानंतर काकूचे कपडे निवडायला बसलो. सवयीनं मी तिचं एक झंपर उलटं केलं. बगलेतली शिवण दोन्ही बाजूंनी आत घेतलेली, आणि तिच्याही आत आणखी एक शिवण. दोरा नवा, टाका तिचाच, बारीक. दुसरं उलटं केलं, तिसरं केलं, सगळीच तशी. मी ती वहिनीपुढं ठेवली. तिनं एकेक शिवण बोटानं चाचपली; तीही ते पहिल्यांदाच बघत होती. काकू कितीतरी महिने झडत चालली होती आणि झंपरं अंगाबरोबर लहान करत होती. गालफडं बसली, ती दाढा काढल्यामुळं, असं सांगून ठेवलं होतं. कळलं असतं तर नातीचं लग्न पुढं ढकललं गेलं असतं. मला तिचा फार राग आला, अजूनही येतो.

त्या लग्नात जेवणं उरकल्यावर मी तिच्याजवळ टेकले होते. झंपर जुनंच होतं, तरी कसं छान बसलं होतं. मी कौतुकानं म्हणाले, “काकू, या वयातबी झंपर किती मापात हाय गं तुझं.”

तिनं पदर ओढून घेतला. “हाताची शिलाई हाय,” म्हणाली, “बसंलच की.”