तुटलेल्या पिंजऱ्याचा सत्कार

गावाच्या फाट्यावर एसटीतून उतरले आणि जागीच थांबले. समोरच्या बोर्डवर माझा फोटो, माझ्यापेक्षा मोठा. खाली लिहिलेलं: विजेची गळती कायमची थांबवणाऱ्या आमच्या कन्येचा भव्य सत्कार, आज संध्याकाळी. वडिलांनी, म्हणजे नानांनी, फोनवर एवढंच सांगितलं होतं की घरी ये, काम आहे.

आणि त्याच सकाळी, जळगावात पिंप्राळ्यातल्या माझ्या खोलीवर, माझा पिंजरा तुटला होता.

माझं संशोधन कॉम्प्युटरवरचं. हायड्रोजनच्या अणूंचा पिंजरा असतो, आत धातूचा एक अणू कोंडलेला. प्रचंड दाबाखाली अशा काही पदार्थांतून वीज जराही वाया न जाता वाहते, तीही फार थंड न करता. पिंजरा तोच ठेवून आतला अणू बदलायचा आणि कमी दाबात भागतं का बघायचं, हा माझा उद्योग. मग सगळे अणू किंचित हलवून बघायचे. जागेवर परत आले तर पदार्थ टिकेल. हे आधी ढोबळ करतात, कारण बारकाईनं करायला मशीन आठवडेच्या आठवडे अडकून पडतं. ढोबळ हिशेबात माझा पिंजरा टिकला. मी लगेच नानांना फोन केला, जमलंय असं वाटतं म्हणाले. नाना निवृत्त लाइनमन. तारा तापून वीज कशी फुकट जाते हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. माझं ‘वाटतं’ त्यांनी आनंदाच्या भरात सोडून दिलं आणि गावभर सांगत सुटले.

बारीक हिशेबात मात्र हायड्रोजनच्या अणूंनी जोड्या जमवल्या आणि पिंजरा मोडून चक्क बाहेरची वाट धरली.

घरी नाना इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा बघवेना. मला वाटलं, म्हणतील आजचा दिवस गप्प राहा. खरं सांगते, मी राहिलेही असते. ते चपला घालून सत्काराच्या मंडपाकडे निघाले.

मंडपात मात्र माझं नाव पुकारायच्या आधी तेच माइकपाशी गेले.

“बोर्डवर जे लिखेल शे, ते बठ्ठं खोटं शे. मन्ही पोरना पिंजरा तुटी गया.”

बोर्डवरचं सगळं खोटं, असं त्यांनी अख्ख्या मंडपाला सांगून टाकलं. चारचौघांत स्वतःचं हसं करून घेणारा हा माणूस मी ओळखतच नव्हते. मग सरपंच उठले. शाल आणलेलीच होती. ती त्यांनी माझ्या खांद्यावर टाकली, नारळ दिला आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या. नानांनी वाजवल्या नाहीत.

आम्ही दोघं घरी परतलो. मी रडायच्या बेतात होते. दाराशी येऊन नाना थांबले.

“आते त्यामा दुसरं काय टाकशी?”

मी घरात जाऊन शाल काढली आणि पिंजऱ्यात आता दुसरा कुठला अणू टाकून बघायचा, याची यादी त्यांच्यासमोरच लिहायला बसले.