पहिली सवारी

वस्तादांनी दुरुस्त केलेल्या प्रत्येक गाडीत पहिल्यांदा त्यांची बायको बसायची. जीप असो, ट्रक असो, गाडीचा मालक बाजूला उभा राहायचा आणि मावशी पदर खोचून, पानाचा तोबरा भरून पुढच्या सीटवर चढायच्या. मग वस्ताद आसपासचा सगळ्यात वाईट उतार गाठायचे, गाडी खाली उतरवायचे, पुन्हा वर आणायचे आणि तेव्हा कुठे किल्ली मालकाच्या हातात पडायची. नवखी माणसं हसायची. "वस्ताद, बायकोचा कंटाळा आला का?" असंही कुणी विचारायचं. वस्तादांचं उत्तर ठरलेलं होतं. "दुसऱ्याच्या जिवावर ट्रायल घ्याची नसते. आंधी माहं मानूस बसन, मंग तुमचं."

नार्नूरच्या आमच्याच बुद्धवाड्यात ते राहत. उंच, सुकलेले, कानावर सदा अर्धी विडी. आदिलाबादच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये पोरवयात तेलाच्या इंजिनाशी बसून शिकले, शाळा अशी पाहिलीच नाही. लॉरीवाल्यांशी तेलुगूत, शेटजींशी हिंदीत आणि आमच्याशी आमच्या बोलीत बोलायचे. इंजिन उघडं असलं की मात्र कुठल्याच भाषेत बोलायचे नाहीत. मावशींना कुणी विचारलं की भीती नाही का वाटत, तर त्या म्हणायच्या, "म्या जितक्या गाड्यायत बसली, तितक्यात कलेक्टर नसन बसला."

तेव्हा आमचा जिल्हा आंध्रात होता आणि मी मराठी शाळेवर नवा नवा मास्तर होतो. नवी नोकरी आणि उतावळा स्वभाव, म्हणजे आधीच मर्कट! गावच्या देशमुखांची निजामाच्या काळातली विलायती मोटार पंधरा वर्षं गोठ्यात पडली होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. देशमुखांचा मुलगा हैदराबादला स्थायिक झाला होता. तो म्हणाला, "न्यायची तर न्या, गोठा तरी मोकळा होईल." माझे बाबा त्याच घरी सालगडी होते. ती मोटार त्यांनी धुतली होती, चिखलातून ढकलली होती; तिच्यात ते कधी बसले नव्हते. धाकट्या बहिणीचं, कमलचं, लग्न महिन्यावर आलं होतं. नवरा मुलगा भीमपूरकडचा, कचेरीत कारकून. कमल सासरी जाईल ती याच मोटारीतून, असं मी ठरवलं आणि अर्ध्या गावाला सांगूनही टाकलं.

वस्तादांनी मोटारीभोवती दोन चकरा मारल्या. बॉनेट उघडलं तर आत गांधीलमाशांचं पोळं. ते झाकून त्यांनी मला विचारलं, "घाटातून न्याची हाये?"

"हो. त्याशिवाय भीमपूरला रस्ताच नाही."

"मंग मले इच्यारल्याबिगर तारीख काऊन सांगतली लोकायले? आता तारीख तुमची अन् अब्रू माही!"

बैल जुंपून मोटार आमच्या अंगणात आणली आणि काम सुरू झालं. वस्तादांची एक रीत होती. जुनं लुगडं जमिनीवर अंथरायचं आणि सुटा केलेला एकेक भाग ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं त्यावर मांडायचा. लिहिता येत नव्हतं, म्हणून हे त्यांचं लिहिणं. पाहता पाहता लुगडं काळ्या, तेलकट तुकड्यांनी भरलं. जेवायला उठताना ते बजावत, "मास्तर, हे माहं पुस्तक हाये. याचं पान कोनी पलटवू नका."

पान पलटलं माझ्याच आईनं. लग्नाला पंधरा दिवस राहिले होते, अंगण सारवायचं होतं, आणि पाव्हणे आले तर हा काळा पसारा पाहून काय म्हणतील, या विचारानं तिला झोप येत नव्हती. मी शाळेत, वस्ताद घरी जेवायला. तिनं सगळे भाग टोपलीत भरले, न्हाणीपाशी नेले आणि राख-चिंच लावून, जशी पितळेची भांडी घासावीत तसे घासून काढले. लुगडंही धुऊन वाळत घातलं. मी आलो तेव्हा ती टोपलीशेजारी बसली होती. "पाह्य कसे लखलखून राह्यले!" म्हणाली. मी तिच्यावर ओरडलो. इतका कधी ओरडलो नव्हतो. तिला काही कळेना, ती नुसती टोपलीकडे पाहत राहिली.

तेवढ्यात वस्ताद आले. त्यांनी टोपलीतला एक तुकडा उचलला, उन्हात धरला, खाली ठेवला. मग आईला म्हणाले, "माय, सोन्यावानी केले तुमी."

मला मात्र दंडाला धरून कुंपणाबाहेर नेलं. कानावरची विडी पेटवली. "राखेचा एक कन आत राह्यला तं इंजिन खाऊन टाकते, मास्तर. अन् कोनता वॉल कोनत्या घरचा, थे त्याच्यावरच्या काळ्या डागावरून समजे. डागच गेले." थोडं थांबून म्हणाले, "पन मायले काई बोलाचं नाई. लेकीचं लगन हाये तिच्या." आईला ते त्यांनी कधीच कळू दिलं नाही. मोटार चालली ती आपल्या चिंचेमुळे, असं ती पुढे आल्यागेल्याला सांगायची आणि वस्ताद मान डोलवायचे.

मग सगळं पुन्हा. प्रत्येक भाग तीन वेळा घासलेटात धुतला. इंजिनच्या झडपा, म्हणजे ते वॉल, एकेक करून प्रत्येक घरात बसवून पाहिले. कडेला धुण्याची नीळ लावायची, वॉल फिरवायचा आणि निळीचा गोल पुरता उमटतो का ते पाहायचं. पुस्तक गेलं होतं. आता सगळा भार आठवणीवर. मावशी रोज शेजारी पाटावर येऊन बसू लागल्या. वस्ताद नटावर पाना ठेवून, मान वर न करता विचारत, "हे कसलं का?" मावशी सांगत, "कसलं. सकाळीच कसलं."

सुरुवातीला मला गंमत वाटली. मग लक्षात आलं की एकच गोष्ट ते जेवणाआधी तीनदा विचारत होते. एकदा हातात पाना घेऊन बराच वेळ उभे राहिले आणि मला म्हणाले, "हे गाडी कोनाची हो?" मी काही बोलायच्या आत मावशी म्हणाल्या, "मास्तरची. कमलच्या लग्नाची." आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड मिटून घेतलं.

खरं सांगतो, मी घाबरलो. या माणसाच्या हातावर भरवसा ठेवून मी बहिणीला घाटातून पाठवणार होतो. उटनूरला दुसरा मिस्त्री होता. त्याला बोलवावं असं दिवसातून दहादा मनात यायचं. पण त्याला बोलवणं म्हणजे वस्तादांना भर अंगणात तुमचं संपलं म्हणून सांगणं. ते माझ्यानं होईना. बहिणीचा जीव की वस्तादांचा मान, असा तो पेच होता आणि मी दोन्हींकडे पाठ करून शाळेत पाढे घेत बसलो होतो. मास्तर लोक असेच.

लग्नाला चार दिवस उरले असताना इंजिन सुरू झालं. आधी खोकलं, मग धूर सोडला, मग एका लयीत चालू लागलं. बाबा कडुलिंबाखाली उभे होते. ते हळूहळू जवळ आले आणि गरम होत चाललेल्या बॉनेटवर त्यांनी हात ठेवला. वस्ताद त्यांना म्हणाले, "अजून नाई बसाचं, दादा. उद्या घाट पाहू."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं निघालो. घाटाच्या तोंडापर्यंत मला परवानगी होती. तिथे वस्तादांनी गाडी थांबवली. "मास्तर, तुमी उतरा." मी उतरलो. मावशी आपल्या जागी पान चघळत बसलेल्या. वस्तादांचे हात स्टिअरिंगवर होते, पण गाडी पुढे जाईना. मग समोरच पाहत ते म्हणाले, "बुढे, तूबी उतर वं."

मावशींचं चघळणं थांबलं. "काऊन?"

"उतर म्हनतो ना. मी एकलाच जाऊन येतो."

"आजपावतो कधी उतरवलं नाई मले. आज काऊन?"

"तुह्या बाजूच्या चाकाची पिन," वस्ताद म्हणाले. "टाकली का नाई, आठवून नाई राह्यलं."

चाकाच्या मोठ्या नटात बोटभर लांबीची दुमडलेली तार असते. तिनं नट जागेवर राहतो. ती नसली तर नट फिरत फिरत सुटतो आणि भर उतारात चाक निसटून जातं. हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"कवा लावलं थे चाक?" मावशींनी विचारलं.

"बजाराच्या दिवशी."

"मी बजारात होती," मावशी हळूच म्हणाल्या. मग एकदम आवाज चढवून, "अवो, मंग टोपन काढून पाहा ना!"

वस्ताद त्यांच्याकडे पाहतच राहिले. पाच मिनिटांचं काम होतं. ते उतरले, चाकाशी उकिडवे बसले, टोपण काढलं. आत ग्रीस होतं आणि ग्रीसमध्ये पिन होती, दोन्ही टोकं नीट मागे दुमडलेली. त्यांनी चारही चाकं उघडली. चारही पिना होत्या. मी मोठ्यानं हसलो, सुटलो असं वाटलं. वस्ताद हसले नाहीत. हात पुसत ते गाडीत बसले. मावशी तर उतरल्याच नव्हत्या. "दरेक वळनावर हारन वाजवीन," एवढं मला सांगून ते गेले.

मोटार सागाच्या झाडांआड दिसेनाशी झाली. चार वळणं होती. पहिला हॉर्न आला. दुसरा आला. तिसरा बराच खालून, बारीकसा आला. चौथा येईना. मी शंभरपर्यंत आकडे मोजले, मग दोनशेपर्यंत. मग पळत सुटलो. पायातली चप्पल तुटली, ती तिथेच टाकली. कमलचा विचार आला नाही, लग्नाचा आला नाही. माझ्या हौसेपायी या दोन माणसांना मी दरीत घातलं, एवढंच डोक्यात होतं.

चौथ्या वळणाच्या अलीकडे मोटार रस्त्याच्या कडेला सरळ उभी होती. इंजिन चालू. वस्ताद आत बसलेले, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि मावशी पदरानं त्यांचा चेहरा पुसत होत्या.

"काय मोडलं?" मी धापा टाकत विचारलं.

"काई नाई. बिरेक धरते, गेर पडते. पहिल्या नंबरची गाडी हाये. घेऊन जा बहिनीले."

"मग?"

"मी सरलो, मास्तर."

"वस्ताद, अहो पिन तर होती!"

"होती. पन मले मालूम नोती." त्यांनी इंजिन बंद केलं. "अन् टोपन उघडाचं सुचलं नाई मले. आंधी बुढीले उतर म्हनलं म्या."

मावशी म्हणाल्या, "उतरली का मी?"

कमल त्याच मोटारीतून सासरी गेली. मी चालवली, चालवायला वस्तादांनीच शिकवलं होतं; शेजारी बाबा बसले होते, नवं धोतर नेसून, हात मांडीवर ठेवून. घाट कधी उतरला कळलंही नाही. वस्ताद पंगतीत जेवले, कमलला आशीर्वाद दिला, मोटारीजवळ मात्र आले नाहीत. निघताना मला बाजूला घेऊन त्यांनी वचन घेतलं, "घाटातलं कोनाले सांगू नका."

त्यानंतर त्यांनी कुठल्याही गाडीला हात लावला नाही. लांबलांबून लोक यायचे, विनवायचे. वस्ताद दाराशी बसून म्हणायचे, "दुसरा पाहा." कारण विचारलं तर सांगायचे, "माही मर्जी." लोक चिडले. देशमुखाची मोटार काय चालू केली, याला आता ट्रक-जीपा दिसत नाहीत, अशी बोलणी सुरू झाली. ज्यांच्या गाड्या त्यांनी वीस वर्षं जपल्या, ते रामराम करेनासे झाले. मी एकदा म्हणालो, "सांगून टाका ना वस्ताद, आजार काही गुन्हा नाही." ते म्हणाले, "मिजासखोर म्हनू द्या. मिजास उतरते असं लोकायले वाटते, मंग थे वाट पाह्यतात. खरं कळलं तं कीव करतीन."

सहा-सात वर्षांनी ते गेले. बुद्धविहारात जलदानविधीला चार लोक बोलले. एका ट्रकवाल्यानं वस्तादांच्या हाताची फार स्तुती केली आणि शेवटी म्हणाला, "पन अखेरीले मिजास लई आली होती, कोनाच्या कामी नाई पडले." मला राहवलं नाही. मी बोलायला उठलो. बायकांमधून मावशींचा आवाज आला, "मास्तर, बसा." मी बसलो.

आता मावशीही राहिल्या नाहीत, म्हणून वचन मोडतो आहे. वस्तादांना मिजास नव्हती. आपलं माणूस आधी, ही त्यांची रीत; एका दुपारी त्यांनी बायकोला गाडीतून उतर म्हटलं होतं, आणि त्या एका शब्दासाठी त्यांनी स्वतःला जन्माची शिक्षा दिली होती. ती फार होती, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.