जुन्या नोंदींची वेगळी रांग

मेरेसैनी माझी मामेबहीण. लहानपणापासून आई मला तिच्याशी तोलत आली आणि दर वेळी मीच हलका ठरलो. त्यात नशीब असं, की सुवाच्या बंदरालगत आमच्या कचेरीतही ती माझ्याच शेजारी. समुद्रावरच्या होड्यांचे संदेश आमचं यंत्र टिपतं, त्यावरून मदत निघते.

जुन्या यंत्राने वर्षभराच्या नोंदींना चुकीच्या वेळा लावल्या होत्या. त्या सगळ्या नव्या यंत्रातून पुन्हा काढायच्या होत्या. मी आमच्या साहेबांना, रुसियातेंना, म्हणालो, "एकदम ओतू. दुपारपर्यंत मोकळे."

"ओत बाबा!" मेरेसैनी हसली. "रांग भरली की यंत्र मागून येणारं सरळ टाकून देतं. आज कुणाची होडी बुडायला लागली, तर तिचा संदेश कुठे उभा करणार? तुझ्या टकलावर?"

"मग बाईसाहेब काय करणार?"

"जुन्यासाठी वेगळी रांग. आणि बैठकीत यांगोनाचं पेय वाढतो तसं वाढायचं. समोरच्याने पिऊन टाळ्या वाजवल्याशिवाय तू पुढची करवंटी भरतोस का रे? एक गठ्ठा पोचल्याची पावती आली की मग दुसरा. नाही आली, तर तोच पुन्हा."

साहेब खूश. काम तिला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिचं कुठेतरी अडावं म्हणून मी देवाला साकडं घातलं, अगदी मनापासून.

"साकी, टक लावून बघितल्याने लवकर होत नाही हं," ती म्हणायची.

जुनं निम्मंही झालं नव्हतं, तोच एक ताजा संदेश आला. कंदावू बेटाच्या पलीकडे होडीचं इंजिन बंद, आत पाणी. होडी माझ्या धाकट्या भावाची, एमोसीची. मला काही सुचेना. मेरेसैनीनेच फोन उचलला आणि गस्तीची बोट निघाली.

रविवारी चर्चहून आल्यावर आईने नारळाच्या दुधात मासा केला. बाबा गेल्यापासून माशाचं डोकं थोरला म्हणून माझ्या ताटात येतं. आईने ते मेरेसैनीला वाढलं.

"अगं आत्या, साकीचं आहे ते."

"खा तू," आई म्हणाली.

एमोसी समोर बसून कसावा खात होता. माझं ऐकलं असतं तर त्याची जागा रिकामी असती, हे मला कळत होतं. तरी माझी नजर त्या डोक्यावरून हलत नव्हती.