एकदाच वाजलेली बेल

दैनिक उपासना कशी असावी या विषयावर आमच्या मंडळीच्या बैठकींत मी चार वेळा बोललो आहे. पाचव्यांदा बोलावण्यात आले तेव्हा मी नकार दिला आणि त्याऐवजी लिहून देतो, असे पाळकांना कळवले. उभे राहून बोलताना माझा आवाज मध्येच कुठे थांबेल याची मला खात्री नाही. लिहिताना थांबता येते, आणि मी बऱ्याचदा थांबलो आहे. जे घडले त्याला आता चार महिने होतील, तरी मला बसलेला धक्का ओसरलेला नाही. तो ओसरावा अशी प्रार्थनाही मी करत नाही.

मी जालन्याकडचा. छत्तीस वर्षे शाळेत भूमिती शिकवली. निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीमुळे मी आणि माझी पत्नी सुलोचना म्हैसूरला, कुवेंपुनगरात राहायला आलो. पुढे मुलाची बदली बेंगळुरूला झाली. तो शनिवारी येतो. आम्ही दोघे वरच्या मजल्यावर राहतो. जिना बाहेरून आहे आणि तो थेट फाटकाजवळ उतरतो.

माझी उपासना सहा ते पावणेसात. वीस मिनिटे शास्त्रवाचन, दहा मिनिटे मनन, पंधरा मिनिटे प्रार्थना. शेवटी वहीत तीन ओळी: काय वाचले, त्यात कोणती आज्ञा आहे, आज मी काय करणार. या पंचेचाळीस मिनिटांत दार उघडायचे नाही, फोन घ्यायचा नाही. घराला आग लागल्याशिवाय मला उठवू नये, असे मी सुलोचनेला गमतीने म्हणत असे. गंमत एकदा केली तर ती गंमत राहते. रोज केली की तिचा नियम होतो, हे मला तेव्हा कळले नाही.

पूर्वी आम्ही दोघे बरोबर बसत असू. येथे आल्यावर ती दहा-दहा मिनिटे उशिरा येऊ लागली. आमचा रस्ता झाडणाऱ्या बाईला ती फाटकाशी चहा नेऊन देई आणि बोलत उभी राही. आधी देव, मग चहा, असे मी एकदा कठोरपणे सांगितले. तिने विचारले, "ती सहालाच येते. नंतर चहा देऊ कोणाला, तिच्या झाडूला?" मला हसू आले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी एकटाच, दार लावून बसू लागलो. ती आपली प्रार्थना केव्हा करते, हे मी पुढे कधी विचारले नाही. चार वर्षांत सुलोचना त्या बाईशी बोलून बोलून कन्नड शिकली. मला त्या बाईचे नावही ठाऊक नव्हते.

त्या सकाळी मी वाचन संपवून मननाला बसलो असताना बेल वाजली. एकदाच. सिलिंडरवाला असेल, असे वाटले. खालून बायकांचे बोलणे ऐकू आले, मग रिक्षाचा आवाज, मग शांतता. मी ओळीवर ठेवलेले बोट हलवले नाही. उलट मला थोडे समाधान वाटले. वहीत त्या दिवसाच्या नोंदीखाली माझ्या अक्षरात एक जादा ओळ आहे: "व्यत्यय आला, परंतु मन विचलित झाले नाही." ही ओळ मी खोडलेली नाही. त्या दिवशी कोणता अध्याय वाचला, ते मात्र मला आजही आठवत नाही. वही उघडून पाहावे लागते.

पावणेसातला मी बाहेर आलो. स्वयंपाकघरात कोणी नव्हते. ओट्यावर सुलोचनेचा फोन होता. दार उघडून जिन्याकडे पाहिले, तर सर्वांत खालच्या पायरीवर तिची एक चप्पल उलटी पडलेली, कठड्यावर चहाचा अर्धा भरलेला पेला आणि फाटकात आडवा पडलेला लांब दांड्याचा झाडू. समोरच्या घरातले गृहस्थ हात हलवत माझ्याकडे धावत आले आणि कन्नडमध्ये भराभर बोलू लागले. मला त्यातले दोनच शब्द कळले: 'आटो' आणि 'आस्पत्रे'. भूमितीच्या शिक्षकाला आपले पाय जमिनीशी कोणता कोन करतात, तेही कळू नये अशी माझी अवस्था झाली. शेवटी त्यांनीच मला स्कूटरवर बसवून मोठ्या रस्त्यावरच्या रुग्णालयात पोहोचवले.

तेथे अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर सफाई कामगारांच्या गणवेशाचा कोट घातलेली एक बाई सुलोचनेचा चष्मा दोन्ही हातांत धरून बसली होती. तिची आणि माझी ही पहिली भेट. ती उठून उभी राहिली आणि बोलू लागली, पण तिचे कन्नड मला कळले नाही. तेवढ्यात एक नर्सबाई आल्या. म्हैसूरच्या जुन्या लष्करी मराठी घराण्यातल्या त्या. घरची मराठी अर्धी कन्नडमध्ये भिजलेली. त्यांनी मला खाली बसवले. सुलोचनेच्या हृदयाची एक वाहिनी बंद झाली होती आणि डॉक्टर ती उघडत होते. मग त्या बाईकडे पाहून म्हणाल्या, "ही पुट्टम्मा, सार. हिनंच आणलं अम्माला. अर्धा तास उशीर झाला असता तर कष्ट होतं, डॉक्टर म्हटले."

मला का बोलावले नाही, असे मी विचारले. प्रश्नात राग होता, हे कबूल करतो.

नर्सबाईंनी पुट्टम्माला विचारले, ऐकले आणि मला सांगितले. "नोडी, बघा सार, ती वर येऊन बेल मारली की. एकदा मारली. मग खालून अम्मानंच बेड म्हटलं. सार प्रार्थनेत बसलेत, वाजवू नको, म्हटलं."

'बेड' म्हणजे नको. चार वर्षांत शिकलेला माझा पहिला कन्नड शब्द तो.

त्यानंतरचा दीड तास मी त्या बाकावर बसून होतो. वचन ऐकून त्याप्रमाणे न वागणारा माणूस वाळूवर घर बांधतो, हा धडा मी रविवारच्या शाळेत किती वर्षे शिकवला असेन. फळ्यावर दोन घरे काढत असे, एक खडकावर आणि एक वाळूवर, आणि रेषा पट्टीने ओढत असे. मुलांना विचारत असे, तुमचे घर कोणते? त्या बाकावर मला प्रार्थना करता आली नाही. शेजारी पुट्टम्मा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. कोणाला हाक मारत होती ते मी विचारले नाही. मी मनात एवढेच म्हणालो, प्रभू, हिचे ऐक.

पुढे हळूहळू कळले ते असे. त्या आठवड्यात पुट्टम्माचे काम पलीकडच्या रस्त्यावर बदलले होते. आमच्या फाटकाशी ती आली होती ती केवळ चहासाठी, कारण सुलोचनेने आदल्या दिवशी तिला बजावले होते की रस्ता बदलला तरी चहा बदलत नाही. सुलोचना पायरीवर घामाघूम होऊन बसली, तेव्हा स्टेशनवरून परतणारी एक रिकामी रिक्षा समोरून जात होती. पुट्टम्मा रस्त्याच्या मध्ये उभी राहिली आणि तिने रिक्षा अडवली. याला कोणी योगायोग म्हणेल; मी वाद घालणार नाही. मी फक्त घटना क्रमाने मांडतो. ज्या चहाला मी उपासनेतला अडथळा म्हटले, त्या चहामुळे माझी पत्नी जिवंत आहे.

तिसऱ्या दिवशी सुलोचनेला सामान्य कक्षात आणले. तिच्या हाताला सुई होती, चेहरा उतरलेला होता. मी तिला विचारायला नको होते, पण विचारले. तू पुन्हा बेल वाजवू का दिली नाहीस? मी आलो नसतो का?

तिने नजर पंख्याकडे वळवली. मग म्हणाली, "अहो, पुन्हा बेल वाजवूनही तुम्ही उठला नसता, तर ते दुखणं मला सोसलं नसतं. हे सोसेल असं वाटलं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मी उत्तर दिले असते. चव्वेचाळीस वर्षांच्या सहवासानंतर माझी पत्नी मरणाच्या दारात बसून हिशेब करते, की नवरा उठेल की नाही याची परीक्षा न घेणेच बरे. आणि वरच्या खोलीत तो नवरा देवाची आज्ञा काय आहे ते वहीत लिहीत असतो. खरे तर तिला शंका घ्यायचीही गरज नव्हती. बेल वाजली होती, मी ती ऐकली होती, आणि मी उठलो नव्हतो. हे मी तिला त्याच वेळी सांगितले. तिने डोळे मिटले, आणि सुई नसलेला हात चादरीवरून सरकवत माझ्या हातावर ठेवला. क्षमेवर मी पुष्कळ वाचले होते. क्षमेचे वजन एवढेसे असते, हे ठाऊक नव्हते.

पुट्टम्माकडे मी नंतर गेलो. मोडक्या कन्नडमध्ये, दोन वाक्ये पाठ करून गेलो होतो, दुसरे विसरलो. ती हसली आणि म्हणाली की अम्मा तुमच्यापेक्षा बरे बोलतात. मग तिने खुणा करकरून अम्मांच्या गोळ्यांच्या वेळा मला नीट विचारून घेतल्या आणि कामाला लागली. आभार मानायला जागाच ठेवली नाही.

उपासना मी सोडलेली नाही. वाचन अधिक सावकाश करतो, कारण आता प्रत्येक आज्ञा मला उद्देशून आहे असे वाटते आणि भीती वाटते. देवाला वेळ दिला म्हणजे जीवन दिले, अशी माझी समजूत होती. वास्तविक ती पंचेचाळीस मिनिटेसुद्धा मी त्याला दिली नव्हती. कुलूप लावून स्वतःजवळ ठेवली होती. समर्पण म्हणजे आपल्या सर्वांत चांगल्या घटकेतूनही त्याने उठवले तर उठणे, एवढेच मला या वयात समजले आहे. तेही माझ्या शहाणपणाने नाही, त्याच्या दयेने, आणि ज्या किमतीची मला भीती होती ती न घेता.

घरी आल्यानंतर साधारण महिनाभराने, सकाळी मी वाचत असताना स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, जरा या."

मी वाक्याच्या मध्यावर उठलो. धावतच गेलो म्हणायला हरकत नाही. सुलोचना ओट्याशी उभी होती. गॅस बंद होता, दूध उतरवलेले होते, हातात काही नव्हते. काय झाले, असे मी विचारले.

"काही नाही," ती म्हणाली. "बसा जाऊन."

आणि तिने पदराने डोळे पुसले.