सावडीला आलेल्या पेशी

"हात लावशील तर बग! मेलेल्या का असंनात, माज्या हायेत त्या," कामशेतच्या दवाखान्यात माझी आत्या ओरडत होती. टेबलावर तिचा भोपळ्याएवढा सुजलेला पाय, डॉक्टरीणबाईंच्या हातात चिमटा, आणि बाहेर बाकावरचे पेशंट आपापली दुखणी विसरून दाराला कान लावून बसलेले. आत्याचा आवाज घाट चढणाऱ्या इंजिनाला लाजवायचा.

भांडण पुवावरून होतं. बेडशाच्या आमच्या खाचरात भाताची लावणी करताना खेकड्याने तिचा अंगठा धरला होता. खेकडा त्या साली बशीएवढा होता. आता सांगताना परातीएवढा होतो, आणि देवाने आयुष्य दिलं तर त्याला रिक्षाएवढा करूनच मी जाईन. आत्याने अंगठ्यावर हळद-तेल थापलं, खेकड्याचं कालवण केलं आणि सूड पुरा झाला असं समजून पुन्हा चिखलात उतरली.

उतरणं भागच होतं, कारण सावड होती. लावणीला आमच्याकडे घरं एकमेकांच्या मदतीला जातात. आज त्यांनी आमच्या खाचरात वाकायचं, उद्या आम्ही त्यांच्या. शेजारचे आबा सगळं घर घेऊन आमची लावणी उरकून गेले होते आणि आत्याची त्यांच्याकडची पाळी राहिली होती. ती फेडल्याशिवाय घास उतरत नाही, असं ती सांगे. भाकऱ्या मात्र नीट उतरत होत्या.

"मावशी, पू म्हणजे बऱ्याचशा तुमच्याच मेलेल्या पांढऱ्या पेशी," बाई समजावत होत्या. "जंतू शिरले की त्या धावत येतात. एरवी त्यांचं आयुष्य अगदी थोडं. पण अशा वेळी शरीर त्यांना निरोप धाडतं, इतक्यात मरू नका, काम आहे."

"म्हंजी सावडीला आल्यात."

"हो, तसंच समजा."

इथे बाई फसल्या. सावडीला आलेलं माणूस आत्याच्या घरून उपाशी गेल्याचं मावळात कुणी ऐकलेलं नाही.

"आन काम झाल्यावर?"

"मग त्यांनी गुपचूप मरायचं. दुसऱ्या पेशी येऊन त्यांना गिळून टाकतात."

"राबवून घ्यायचं आन वर खायचं? कुटल्या गावची रीत ही?"

"मावशी, त्या रेंगाळल्या तर जंतूंसाठी आणलेलं विष तुमच्याच मांसाला लागतं. जंतू संपले तरी सूज हटत नाही. तुमच्या पायात तर अजून जंतूही आहेत आणि या पेशीही. हे साचलेलं आज काढलं नाही, तर पुढे अंगठा काढावा लागेल."

आत्या अंगठ्याकडे बघत राहिली. लावणीत पाय रोवायचा तो अंगठ्यावरच.

"काडा," ती म्हणाली.

पू निघाला तो पवना धरणाचे दरवाजे उघडावेत तसा. बाईंनी पट्टी बांधली, ताप उतरला तरी गोळ्या पुऱ्या घ्यायच्या म्हणून बजावलं आणि जखम भरेपर्यंत चिखल बंद केला.

"आन आबाची सावड?" असं म्हणत आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी तळेगावच्या कारखान्यातून रजेवर आलो होतो, म्हणजे तिच्या मते रिकामाच. आबांकडे मी गेलो, आणि अशी लावणी केली की बगळे चरायचे थांबून बघत राहिले.

आता त्या खाचरांच्या बांधाला शनिवार-रविवारचे बंगले लागलेत. खाचरात पोहायचा तलाव आहे, निळा, खेकड्यावाचून. तिथून जाताना मला अजून इंद्रायणी भाताच्या रोपांचा वास येतो, आणि ओळीच्या पुढे वाकलेली आत्या मागच्यांना शिव्या घालताना ऐकू येते. यात वाढवलेलं काही नाही.

अंगठा वाचला. सूज उतरली तोवर गावातली लावणी मात्र संपली होती. पायात चप्पल जायला लागल्यावर आत्या पहिली आबांच्या ओट्यावर गेली.

"आबा, माजी सावड राहिली."

"न्हाई राहिली. तुजा भाचा येऊन गेला."

"म्हंजी फिटली म्हना."

आबा तंबाखू मळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"पुढल्या साली तू ये. त्याला घरी ठेव."