दादाच्या लिनक्सवर गेमचं दुकान

रविवारी दुपारी बदलापुरात चक्क लाइट टिकली... आणि आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर इंटरनेटच्या दुकानातला गेम सुरू झाला! यात एवढं काय, असं वाटेल. म्हणून नीट सांगते.

इंटरनेटवर गेम विकणारं एक दुकान आहे. गेम घेतला की तो आपल्या नावावर राहतो, कुठूनही डाउनलोड करायचा. शिवाय आपली माणसं आत्ता काय खेळतायत ते दिसतं, आपणही जाऊन सामील व्हायचं. फक्त हे सगळं विंडोजवाल्यांसाठी. आमच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स, फुकट मिळणारी वेगळी सिस्टीम.

ते बसवलं माझ्या मोठ्या भावाने, संदेशदादाने. व्हायरसला कंटाळून एक दिवस त्याने विंडोज काढूनच टाकलं. मग आम्ही लिनक्सवरचा गाड्यांचा एक फुकट गेम खेळायचो, दोघं एकाच कीबोर्डवर. तो डावीकडे, मी उजवीकडे.

दादा तसा घुमा. पण खेळताना बोलायचा. इंटरव्ह्यूत आडनाव ऐकल्यावर समोरच्या साहेबाचा चेहरा कसा बदलला, हे त्याने मला गाडी पळवता पळवताच सांगितलं होतं. नजर स्क्रीनवर... आवाजात काही नाही.

मग त्याला बंगळुरूला नोकरी लागली. आता फोनवर तो एकच शब्द बोलतो, "मजेत." आई विचारते, जेवलास का? हो. बरा आहेस ना? मजेत. फोन माझ्या हातात येईपर्यंत शब्द संपलेले असतात.

तिथे रूममेटच्या कॉम्प्युटरवर तो त्या दुकानातला गेम खेळायला लागला. माझ्या वाढदिवसाला त्याने तोच गेम माझ्या नावाने घेऊन ठेवला. म्हणाला, "लिनक्ससाठी पण दुकान निघणारे गं, सगळे म्हणतायत. निघालं की खेळू."

झालं. मी रोज कॉलेजला निघायच्या आधी बातम्या शोधायची. कधी कोणी लिहायचं, काम सुरू झालंय, आता येईलच. लिनक्सवाल्यांच्या गप्पांच्या साइटवर, म्हणजे फोरमवर, सगळे नाचायचे, मीही मनातल्या मनात नाचायची. मग काहीच व्हायचं नाही... भेट मिळालेली आहे, पण उघडता येत नाही, असं झालं होतं.

शेवटी उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. तिथले सिंधी काका हसले. "लिनक्स पे गेम? बेटा, मशीन ले आ. सब उडा के विंडोज डाल देता हूं, शाम को ले जा."

सोपं होतं. पण "सब उडा के" हे काही पचलं नाही. त्या मशीनवर एकेक गोष्ट दादाने बसवलेली. लॉगिन केलं की काळ्या खिडकीत त्याने माझ्यासाठी लिहून ठेवलेलं अजून येतं, 'काय गं चिंगे, अभ्यास झाला का?' ते कसं उडवू?

मग ठरवलं, दुकान येत नाही तर आपणच आणू. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवून बघायचं एक सॉफ्टवेअर आहे. ते टाकलं, खटपट केली, आणि एका सकाळी दुकानाची खिडकी उघडली... पण अक्षरंच नाहीत! बटणं कोरी, पाट्या कोऱ्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत फोरमवर विचारलं. परदेशातल्या कुणा अनोळखी माणसाने समजावलं की एक फॉन्ट कमी आहे, तो अमुक ठिकाणी ठेव. ठेवला, आणि सगळ्या पाट्या उमटल्या. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच आली.

गेम उतरायला मात्र कितीतरी दिवस गेले. थोडा उतरायचा, लाइट जायची, परत तिथून पुढे.

रविवारी उतरला. दादाला फोन केला, "दादा, कॉम्प्युटरवर बस."

"का गं?"

"बस ना!"

यादीत त्याचं नाव उजळलं, आणि खाली अक्षरं आली, 'चिंगे?? तू?? कसं काय??'

आमच्या जुन्या मशीनवर गेम कसला चालतोय... चित्र अडकत अडकत पुढे सरकायचं. मी एका भिंतीला जाऊन धडकले आणि तिथेच राहिले. दादा पळत आला. माझ्यासमोर उड्या मारल्या. मग नुसताच शेजारी उभा राहिला.

मग त्याने लिहिलं, 'इथे ऑफिसात डबा एकटाच खातो मी. आधी बोलवायचे. मग आडनाव कळलं.'

आई मागे कपड्यांच्या घड्या घालत होती. गेममध्ये कोणीतरी येऊन आम्हाला दोघांनाही गोळ्या घातल्या, आणि आम्ही हरलो. मी लिहिलं, 'पुढच्या रविवारी जेवण घेऊनच बस. मी पण ताट घेऊन बसते.'

तो म्हणाला, 'कीबोर्डवर आमटी सांडशील.'

पण त्याच संध्याकाळी त्याने स्वतःहून आईला फोन केला. या वेळी "मजेत" म्हणाला नाही. आई पदराला हात पुसत ऐकत राहिली, मग म्हणाली, "मान खाली घालून जेवू नको रे. कष्टाचं खातोस." पुढे दोघं खूप वेळ बोलत होते. हे इथे लिहू का, म्हणून मी त्याला विचारलंय. म्हणाला, "लिही."

दुकानवाले अजून लिनक्सवर आलेले नाहीत. वाट बघणं चालूच आहे... पण ज्या अनोळखी माणसाने मला एवढ्याशा फॉन्टची जागा सांगितली, त्याला कुणीतरी कळवा, की बदलापुरात एका घरावर त्याचे फार उपकार आहेत.