मधली पायरी

धुळ्यात मी कराचा सल्ला देते. रोज कुणी ना कुणी विचारतं, मेल्यावर सरकार इस्टेटीवर कर घेतं का हो? मी सांगते, आपल्याकडे वारसा कर नाही, पण जिवंतपणी देणार असाल तर मुद्रांक शुल्काचं बघून द्या. त्यातल्या वाटा मला पाठ आहेत आणि त्याचा मला थोडा तोराही होता. तो आमच्या मायनं उतरवला.

पिंपळनेरजवळ नाल्याकाठी मायच्या स्वतःच्या नावावर एक वावर आहे, तिच्या वडिलांनी दिलेलं. भाऊ सुरतेला नोकरीला. वावर कसते वहिनी. कांदा लावणं, पाण्याची पाळी धरणं, मजूर गोळा करणं, सगळं तीच करते आणि सातबाऱ्यावर तिचं नाव कुठंच नाही. आखाजीच्या सणाला मी माहेरी गेले तेव्हा माय म्हणाली, "वावर सूनना नाववर करानं शे."

मी लगेच समजावलं. शेतजमीन मुलाला बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये, सुनेला दिली तर पूर्ण. म्हणून आधी भावाला दे, मग तो बायकोला देईल. नवऱ्याकडून बायकोलाही दोनशेच. सगळं कायद्यात बसतं आणि सुंठीवाचून खोकला जातो.

"सूनले दोनशेमा कव्हयच व्हत नही का?" तिनं विचारलं.

होतं, मी म्हणाले, मुलगा हयात नसेल तर.

माय म्हणाली, "म्हंजे सूननं कुकू शे तवलगून महाग, कुकू पुसायनं का सस्तं. भारी कायदा शे." कायद्यातली ही ओळ मी किती अशिलांना वाचून दाखवली असेल, पण तिच्यातलं हे मला कधी दिसलं नव्हतं.

मग ती वाटाण्याच्या शेंगा सोलाव्यात तितक्या सहज बोलली. "मना बापनी आंबानं वावर तुना बापना नाववर कयं. म्हने, जवाई मंग पोरना नाववर करी देई. ते मनापावत उनंच नही. ते इकीसन तू धुळाले शिकनी."

आंब्याचं वावर वडिलांचंच, असं मी जन्मभर समजत होते. माझी पदवी, माझं ऑफिस, दारावरची पाटी, सगळं तिच्या वाट्याच्या, विकलेल्या जमिनीतून उगवलं होतं आणि तिनं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. पुढं तिच्या वडिलांना शहाणपण सुचलं आणि नाल्याकाठचं वावर त्यांनी थेट तिच्या नावे केलं, एवढंच. इतकी मोठी बाई आपल्या घरात भाकरी थापत होती आणि आपल्याला पत्ता नव्हता, याचं मला आजही नवल वाटतं.

शुल्कासाठी तिनं स्वतः वाढवलेली म्हैस विकली. बक्षीसपत्र मी थेट वहिनीच्या नावे लिहिलं. दस्ताच्या दिवशी साक्रीच्या कचेरीत वहिनी पदर सावरत इतकी अवघडून बसली होती, जणू तिला कुणी चुकून आत सोडलं होतं. तिथला कारकून मायला म्हणाला, "आजी, मुलाच्या नावे करून फिरवलं असतं तर म्हैस वाचली असती." माय म्हणाली, "म्हैस परत लेवाय जाई, भाऊ."

भाऊ सुरतेहून मुद्दाम आला होता. तो वाईट नाही, बायकोला जीव लावतो. पण म्हशीचं ते वाक्य त्याला लागलं. व्हरांड्यात त्यानं हळूच विचारलं, "माय, मनावर भरोसा नही का तुना?"

मायनं त्याच्या गालावरून हात फिरवला. "शे ना, बेटा. तुना बापवर बी व्हता."

भावानं आत जाऊन साक्षीदाराच्या जागी सही केली.